आपल्याच पैशाचं ज्ञान, आणि आपल्यालाच कुलूप

एक साधा प्रश्न विचारतो. गावच्या विहिरीला गावाने वर्गणी काढली, गावाने श्रमदान केलं, पाणी लागलं. मग एक माणूस आला, विहिरीला झाकण बसवलं, कुलूप लावलं आणि म्हणाला, आता हंड्यामागे पैसे द्या. तुम्ही काय कराल? दगड घेऊन धावाल.

ज्ञानाच्या बाबतीत नेमकं हेच रोज चाललंय आणि आपण रांगेत हंडा घेऊन उभे आहोत. वर म्हणतोय, "चालायचंच."

पोस्ट मोठी आहे. पण यंदा आपल्या नगरपरिषदेत अभ्यासिकेसाठी संगणक घ्यायचा विषय आहे, म्हणून आत्ताच लिहितोय. नंतर बोंब मारून उपयोग नसतो.

सुरुवात महाराष्ट्राच्या सगळ्यात ठळक उदाहरणाने करू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन आणि भाषणं राज्य सरकारने खंडरूपाने प्रकाशित केली. पहिला खंड १९७९ चा. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने त्यासाठी आयुष्य घातलं. पैसा जनतेचा. हे खंड घ्यायला दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर लोक रांगा लावतात, आणि अनेक वर्षं त्यांना ठरलेलं उत्तर मिळालं: खंड शिल्लक नाहीत. २०२१ मध्ये वर्तमानपत्रातली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली. कोर्टाला सांगावं लागलं, राजेहो!

आता कायदा बघा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बाबासाहेब १९५६ साली गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून कुणाचीही परवानगी न घेता छापता येतं, वाटता येतं, ब्रेल करता येतं, वाचून दाखवता येतं. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंडांच्या पीडीएफ मोफत ठेवल्या गेल्या, तेव्हा कागद संपला नाही, शाई संपली नाही, गोदाम लागलं नाही. एका पोराने फोनवर उतरवून घेतलं म्हणून दुसऱ्याचं कमी झालं नाही. भाकरी वाटली की अर्धी होते, ज्ञान वाटलं की दुप्पट होतं, हे भाषणात सगळेच सांगतात. मग धोरणात का दिसत नाही?

साने गुरुजींचंच बघा. ते १९५० साली गेले, २०११ पासून 'श्यामची आई' खुली झाली. आज ती कितीतरी प्रकाशक छापतात, जत्रेतल्या पुस्तकांच्या गाड्यावरही स्वस्तात मिळते. गुरुजींचं काही कमी झालं का? उलट घराघरात गेले.

बियाणं आणि सॉफ्टवेअर

आता सॉफ्टवेअरकडे येतो. इथे लोकांचे डोळे मिटायला लागतात, म्हणून शेतीच्या भाषेत सांगतो.

घरचं बियाणं म्हणजे काय? पेरता येतं. निवड करून सुधारता येतं. शेजाऱ्याला पायलीभर देता येतं. सुधारलेलं पुन्हा वाटता येतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो याच कामासाठी. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिलाय. फक्त कंपनीच्या छापाच्या नावाने विकता येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे घरचं बियाणं. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे चार स्वातंत्र्यं मांडली. कशासाठीही वापरायचं. आतली रचना बघून हवं तसं बदलायचं. प्रती वाटायच्या. बदललेल्या प्रतीही वाटायच्या. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि पुढच्या वर्षी तो स्टॉलमनच्याच परवान्याखाली खुला केला. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी आज तोच गाभा आहे. "लिनक्स आपल्याला जमणार नाही" असं जो लिनक्सवरच टाइप करून मला पाठवतो, त्याला काय म्हणावं?

आणि एक गंमत. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मोफतही येतं आणि स्वतंत्रही येतं, त्यामुळे स्टॉलमनला आयुष्यभर खुलासा करत फिरावं लागलं. मराठीत ती अडचण नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. नाशिकला मुक्त विद्यापीठ आहे, तिथे फी लागते. तरी ते मुक्त आहे, कारण दार बंद नाही. तेव्हा "फुकटचं काय घ्यायचं" असं म्हणणाऱ्यांनी आधी आपली मराठी सुधारावी.

याच्या उलट बंदिस्त सॉफ्टवेअर. ते तुम्ही विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता, कंपनीच्या अटींवर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार कंपनीने थांबवला. पुढच्या आवृत्तीच्या अटीत न बसणारी लाखो यंत्रं चांगली चालत असताना म्हातारी ठरली. बैल धडधाकट आहे, पण नाल ठोकणारा म्हणतो, या जातीच्या बैलाला आता नाल मिळणार नाही, नवा बैल घ्या. त्याच यंत्रावर लिनक्सची हलकी आवृत्ती टाकली तर ते आणखी काही वर्षं आरामात चालतं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत असे संगणक प्लास्टिकच्या कव्हराखाली झोपलेत. भंगारात काढायच्या आधी निदान एवढा प्रयोग तरी करा.

पंधरा वर्षांच्या बातम्या एका डोंगलमध्ये

हे पुस्तकी वाटत असेल तर आमच्या धंद्यातलं ऐका.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका साप्ताहिकात लागलो तेव्हा अंक जुळायचा तो एका कंपनीच्या मराठी फॉन्टवर. कंपनीचं नाव घेत नाही, तेव्हा सगळ्यांचं तेच होतं. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली. म्हणजे संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतंच, रोमन अक्षरांचा काला होता, वरून मराठीचं सोंग. फॉन्ट असेल तर वाचता येतं, नसेल तर मांजर की-बोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. आणि तो फॉन्ट चालायला संगणकाच्या मागे एक डोंगल खोचावं लागायचं.

डोंगल एक दिवस मेलं. नव्या यंत्रावर जुनी आवृत्ती चढेना. पंधरा वर्षांचे अंक, गावातल्या दुष्काळाच्या, पुराच्या, निवडणुकांच्या, गेलेल्या माणसांच्या बातम्या, सगळं डिस्कवर आहे. पण शोधता येत नाही, सरळ उघडत नाही. छापील अंकांना वाळवी लागली, डिजिटल अंकांना परवाना लागला. आम्हीच लिहिलेलं आम्हालाच वाचता येईना.

युनिकोडने हे थांबवलं. 'क' ला एक ठरलेला क्रमांक दिला, ०९१५, आणि तो जगभर सगळ्यांसाठी सारखा. ते मानक कुठल्याही कंपनीला, कुठल्याही पोराला वापरता येतं, त्याची रॉयल्टी नाही. त्यावर मुंबईच्या एक टाइपने 'मुक्ता' सारखा देखणा फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला. तुम्ही ही पोस्ट मराठीत वाचताय, शोधली तर सापडते, आंधळ्या मित्राचा फोन ती वाचून दाखवतो, ते या खुल्या मानकामुळे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पण मराठी संगणकात शोधण्याजोगी झाली ती खुल्या मानकामुळे, हे त्या पेढ्याबरोबर कुणी सांगितलं?

तरीही आजसुद्धा कित्येक कार्यालयं जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, प्रिंट काढतात, ती वाकडी स्कॅन करतात आणि संकेतस्थळावर टाकतात. ते कागद शोधात येत नाहीत. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा. यांनी प्रसिद्ध केली, पण अशी की सापडू नये. राज्य सरकारचे जीआर संकेतस्थळावर यायला लागले तेव्हा आमच्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराची गुलामी संपली. नाहीतर एका जीआरसाठी बाबूच्या टेबलासमोर तीन चहा व्हायचे. एवढ्या एका खिडकीने इतका फरक पडला, तर सगळं दार उघडलं तर काय होईल?

शोधनिबंधाचा धंदा

आता सगळ्यात मोठं कुलूप.

२०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. बीटी वाणाला अळी कशी पुरून उरली यावर आपल्या शास्त्रज्ञांनी आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी लिहिलंय. बातमीसाठी मी वाचायला गेलो. काही निबंध खुले होते. एकावर पाटी होती: वाचायचं तर पस्तीस डॉलर. म्हणजे तीन हजार रुपये, एका लेखाचे. वाचायचे होते आठ.

हा धंदा कसा चालतो समजून घ्या. संशोधन करतो प्राध्यापक, पगार सरकारचा. प्रयोगशाळा सरकारची. निबंध लिहिल्याबद्दल नियतकालिक त्याला छदाम देत नाही. तो निबंध तपासतात दुसरे प्राध्यापक, तेही सहसा फुकट. मग प्रकाशक तो कुलपात ठेवतो आणि त्याच विद्यापीठाला वर्गणी लावून विकतो. या क्षेत्रातल्या एल्सव्हिअरसारख्या बड्या प्रकाशकाचा नफा ३० टक्क्यांहून जास्त आहे. दूध आपलं, चारा आपला, धार आपण काढायची, आणि पाव लिटर विकत घ्यायला डेअरीसमोर आपणच उभं राहायचं.

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं ६,३०० हून जास्त सरकारी संस्थांना मिळणार. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला पूर्वी जे स्वप्नात नव्हतं ते मिळतंय. चांगलं ते चांगलं म्हणायला माझी ना नाही.

पण यादी नीट वाचा. सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. आपल्या तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय त्यात नाही. एमबीबीएस होऊन गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर नाही. शेतकरी उत्पादक कंपनी नाही. शाळेचा शिक्षक नाही, वकील नाही, पत्रकार नाही. पोरगी सरकारी कॉलेजात आहे तोवर वाचेल, पदवी घेऊन गावी आली की कुलूप. सहा हजार कोटी आपण सगळ्यांनी भरले आणि किल्ली वाटली ओळखपत्र बघून! आणि तीन वर्षांनी पुन्हा तोच प्रकाशक, पुन्हा तीच वाटाघाट. हे भाडं आहे, भाऊ. घर बांधलेलं नाही.

घर बांधता येतं. ब्राझीलने १९९७ मध्ये साएलो नावाचा प्रकल्प सुरू केला, तिथली नियतकालिकं कुणालाही खुली. अमेरिकेने २०२२ मध्ये ठरवलं की सरकारी पैशातलं संशोधन प्रसिद्ध होताच जनतेला मोफत मिळालं पाहिजे. आपल्याकडेही शोधगंगा आहे. लाखो पीएच.डी. प्रबंध तिथे कुणीही वाचू शकतो. तेव्हापासून कुणी कुणाचं उचललं तेही उघडं पडायला लागलं, हा वरचा फायदा. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये खुलं धोरण स्वीकारलं. म्हणजे वाट माहीत आहे. चालायचं कुणी, एवढाच प्रश्न.

नेहमीचे चार आक्षेप

पहिला. "मग लेखकाने खायचं काय?" प्रश्न रास्त आहे. मी लिहून पोट भरतो, मला तो कुणी शिकवू नये. कादंबरीकाराला मानधन मिळालंच पाहिजे, वर्तमानपत्र विकत घेऊनच वाचलं पाहिजे. मी म्हणतोय ते जनतेच्या पैशातून झालेल्या ज्ञानाबद्दल. तिथे लेखकाला पगार आधीच मिळालाय. कुलपाचा पैसा लेखकाकडे जातच नाही, तर लेखकाच्या नावाने गळा कशाला काढता?

दुसरा. "चोरीचं विंडोज मिळतंच की, कशाला नवीन डोकेदुखी?" यावर मला खरा राग आहे. चोरीची प्रत म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, ती कंपनीची फुकट जाहिरात आहे. पोरगं चोरीच्या प्रतीवर शिकतं, बोटांना तीच सवय लागते, उद्या ऑफिसात गेलं की साहेबाला परवाना विकत घ्यायला लावतं. वर व्हायरस येतो तो वेगळाच. चोर म्हणून जगायचं आणि गिऱ्हाईक म्हणून मरायचं, हा कसला व्यवहार?

तिसरा. "फुकट ते भंगार." इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून बिनपगारी माणसांनी उभा केला, त्यात चुका असतील, पण त्या तुम्ही आत्ता जाऊन दुरुस्त करू शकता. वाईच्या मंडळाने केलेला मराठी विश्वकोश, तर्कतीर्थांनी पाया घातलेला, आज घरबसल्या मोफत वाचता येतो. तोही भंगार का?

चौथा. "आपल्या लोकांना जमणार नाही." हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि ते नेहमी ज्यांचं काम कुलपावर चालतं त्यांच्याकडूनच ऐकतो. फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तेव्हाही पुण्यात हेच म्हणत होते. ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली तेव्हा संस्कृतवाल्यांनी काय पेढे वाटले असतील? "तुम्हाला जमणार नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "तुम्हाला जमलं तर आमचं कसं होणार" एवढाच असतो.

आणि जमतं याचा पुरावा केरळ आहे. तिथे २००१ पासून शाळांत संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत सगळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेला. सरकारी शाळांतले शिक्षक प्रशिक्षित केले, मल्याळम चालेल अशी स्वतःची आवृत्ती बनवली, दहावीची संगणक परीक्षा त्यावर घेतली. परवान्यांचा पैसा वाचला तो वाचलाच, पण शिक्षक स्वतः दुरुस्ती शिकले. आपल्याकडे सरकारी नोकरीसाठी संगणक प्रमाणपत्र लागतं, म्हणून पिढीच्या पिढी एका कंपनीचं ऑफिस कुठल्या बटणावर उघडतं ते पाठ करत आली. गाडी चालवायला शिकवण्याऐवजी एकाच कंपनीची गाडी ओळखायला शिकवलं.

एक निकालही लक्षात ठेवा. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज यांच्यासारखे प्रकाशक खटला घेऊन गेले, कारण विद्यार्थ्यांना पुस्तकांतल्या पानांचे संच करून दिले जायचे. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी केलेल्या अशा प्रतींच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. म्हणजे आपला कायदा वाटतो तितका आंधळा नाही. कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला हा चोर नाही, गरीब पोरांचं ग्रंथालय आहे.

आता आपल्या गावाचं

नुसतं भाषण नको. मागण्या लिहून देतो, नगरसेवकांनी यातली एखादी तरी सभेत वाचावी.

एक. अभ्यासिकेच्या संगणकांच्या निविदेत कंपनीचं नाव लिहू नका, काम लिहा. मराठी टायपिंग, इंटरनेट, ऑनलाइन अर्ज, पीडीएफ वाचन. हे सगळं लिनक्स आणि लिबरऑफिसवर होतं. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरणही मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या म्हणतं. परवान्याचा वाचलेला पैसा पुस्तकांना आणि इन्व्हर्टरला द्या. लाइट गेली की परवाना अभ्यास करत नाही.

दोन. नगरपरिषदेचे ठराव, अंदाजपत्रक, निविदा युनिकोड मराठीत, शोधता येतील अशा स्वरूपात संकेतस्थळावर टाका. स्कॅनची चित्रं नकोत.

तीन. वाचनालयात दोन संगणक सगळ्यांसाठी ठेवा आणि त्यावर विश्वकोश, शोधगंगा, कृषी परिषदेची नियतकालिकं, बाबासाहेबांचे खंड यांची यादी लावा. ग्रंथपालाला दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरे.

चार. आमदार-खासदारांनी वर विचारावं: 'एक राष्ट्र' म्हणताय, तर तालुक्याचं वाचनालय राष्ट्रात येत नाही का? शासनमान्य अ, ब, क, ड वर्गातली सगळी वाचनालयं त्या योजनेत घ्या.

पाच. कॉलेजातल्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी. शनिवारी दोन तास द्या. शाळेतले पडलेले संगणक चालू करू. आमच्या साप्ताहिकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणू, खुल्या परवान्याखाली ठेवू, म्हणजे उद्या कुणाला गावचा इतिहास लिहायचा असेल तर डोंगल शोधत फिरावं लागणार नाही. चहा माझ्याकडे.

विरोधक म्हणतील, गावात रस्ता नाही, नळाला पाणी नाही आणि याला सॉफ्टवेअर सुचतंय. अहो, रस्ता का नाही ते कुठल्या फायलीत आहे? पाण्याचा पैसा कुठे गेला ते कुठल्या कागदात आहे? तो कागद उघडा असता तर रस्ताही झाला असता.

पटलं तर पुढे पाठवा, नाव काढून पाठवलंत तरी चालेल. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर. आणि प्रभागाच्या नगरसेवकाला टॅग करायला विसरू नका. सभा महिनाअखेरीस आहे.